आजपासून फोन स्टँडवर

आई,

तुझा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. माझी रजा संपली, कामावर जाणं भाग आहे. दुपारच्या ऑनलाइन शिवणवर्गाची तयारी करून ठेवली आहे.

बाबा गेल्यावर फोन धरणार कोण, म्हणून तू वर्ग बंद ठेवलास, हे मला कळतं. आता कापायच्या टेबलाला स्टँड आवळून बसवलाय. त्यावरच्या फोनमधून वर्गातल्या मुलींना फक्त तुझे हात आणि कापड दिसेल. चेहरा दिसत नाही, तेव्हा मध्येच डोळे भरून आले तरी चालेल. खिडकीकडे पाठ करू नकोस, कापडावर सावली पडते. सुरुवातीलाच सगळ्यांचे माईक बंद कर, नाहीतर कुणाच्या तरी घरचा मिक्सरच वर्ग घेईल.

मुलींना बाबांचं कळवलंय. कुणी विषय काढलाच, तर नुसतं "हो" म्हण आणि शिकवायला लाग.

फोनमध्ये जागा नाही, जुन्या वर्गांची रेकॉर्डिंग पुसून टाक, असं तू म्हणाली होतीस. मी माझे फोटो पुसून जागा केली. रेकॉर्डिंगना हात लावला नाही. तुझी कात्री थांबली की त्यात बाबा विचारतात, "दिसलं का गं सगळ्यांना?" आणि कुणीतरी हो म्हणेपर्यंत तुला पुढे जाऊ देत नाहीत.

आता ते तुलाच विचारावं लागेल. मुलींचे माईक उघड, विचार, आणि उत्तर येईपर्यंत थांब.

— धाकटी