पेटीतला पितळी स्टोव्ह

शमसू, अम्मीले हे सावकाश वाचून दाखव. ती चिडली तरी मधात थांबू नको.

अम्मी, मी सातच्या गाडीनं उमरखेडले शाळेवर चालली, शनिवारी येईन. टिनाचा वातीचा स्टोव्ह शोधू नको, तो मी जफरमामूच्या दुकानात भंगारात देऊन टाकला. अब्बांनी माझ्या लग्नासाठी नागपूरहून आणलेला पितळी स्टोव्ह पेटीतून काढून ठेवला आहे. सकाळचा चहा मी त्याच्यावरच केला. मोठा आवाज करते, भिऊ नको. आधी स्पिरिट पूर्ण जळू दे, मगच पंप मार. पिन कोनाड्यात आहे.

अब्बांनी दुप्पट पैसे दिले तवा तूच म्हणाली होती, "महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार." अन् झालं काय? महागाचा चार वर्षं माझ्या ओढणीत गुंडाळून पडला, अन् सस्त्याच्या धुरानं तू रोज रडून राह्यली. डॉक्टरनं तुझ्या डोळ्यांचं काय सांगितलं, ते मले शमसूकडून कळलं. तू काहून लपवलं?

तू म्हणशील, वापरलेला स्टोव्ह पोरीसंगं कसा द्यायचा? रविवारी पांढरकवड्याचे लोक मले पाहाले येतीन, त्यांचा चहा याच्यावरच ठेवू. काळा पडलेला स्टोव्ह पाहून ज्याले परत जायचं असेल, त्यानं चहा पिऊन खुशाल जावं.

निकाहच्या दिवशी स्टोव्ह चमकला नाही तरी चालते. तुले माझं तोंड दिसलं पाहिजे.

तुझी अकीला