चार सीटांचा भागाकार

३ जून, सकाळी ६.१५
आजपासून माझ्यापुरती रेल्वे बंद. काल जुनी गाडी घेतली. रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, रेल्वेचा पास सहाशे, ही महिन्याला सहा हजार खाईल. मी कागदावर मांडून दाखवलं. सहा हजार भागिले चार सीटा, दीड हजार. त्यातून वाचलेला वेळ वजा. गाडी जवळजवळ फुकट! भाऊजी म्हणाले, उरलेले तिघे कोण? अर्थशास्त्र न कळणाऱ्यांशी बोलू नये. ताई हसली. तिलाही कळत नाही.

३ जून, सायंकाळी
कंपनीच्या फाटकापाशी वेळेआधी दहा मिनिटं पोचलो. हे नोंदवून ठेवतो. पार्किंग शोधण्यात चाळीस मिनिटं गेली, तो प्रवास नव्हे. तरी लेटमार्क. या महिन्यात तीन झाले तर नोकरीत कायम होण्याचं पत्र विसरायचं. होणार नाहीत.

८ जून
सूचनाफलकावर चिठ्ठी लावली : 'गाडीत तीन जागा. प्रवासी वक्तशीर हवेत.' खाली कोणीतरी लिहिलं, 'चालक पण.' 'पण' नव्हे, 'पणही' नव्हे, 'चालकही' हवं. सुधारून आलो.

११ जून
स्टोअरकीपर आला. एक सीट भरली! रेल्वे फाटक बंद. नेमकी आमचीच साडेसातची गाडी समोरून गेली. खिडकीत पॅकिंगच्या मावशी. त्यांनी हात हलवला. हात हलवायची काय गरज होती? स्टोअरकीपर म्हणाला, राजे, मी उद्यापासून तिकडे. आणि खाली उतरून चालत गेला. तो माझ्या आधी पोचला. दुसरा लेटमार्क.

१७ जून
हिशेबातली चूक सापडली. मागे तिघे बसतात. म्हणजे भागिले पाच. खर्च आणखी कमी झाला. भाऊजींना दाखवलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२९ जून
सकाळी चढावर क्लच जळाला. मेकॅनिक म्हणाला, दादा, पाय सारखा क्लचवर ठेवता का? मी म्हणालो, मग कुठे ठेवू? तो साऱ्या गॅरेजला ऐकू जाईल असा हसला. कमीत कमी नऊ हजार, म्हणे. गाडी तिथेच सोडली. तिसरा लेटमार्क.

दुपारी साहेबांनी बोलावलं. लेबलं तपासण्यात माझ्या तोडीचा कोणी नाही, म्हणाले. मग म्हणाले, कायम करण्याचं सहा महिन्यांनी बघू. मावशींना पत्र मिळालं. त्यांनी सर्वांना चहा दिला. मी घेतला नाही. त्या म्हणाल्या, घे रे, रागावलास का? मी रागावलेलो नाही, असं ओरडून सांगितलं.

घरी रेल्वेने आलो. सत्तावीस मिनिटं. बसायला जागाही मिळाली. तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईने दार उघडलं. आज इतक्या लवकर कसा, म्हणाली.
रस्ता मोकळा होता, म्हणालो.