दाराबाहेरची हाक

प्रिय ताई,

नमस्कार. माझा गुडघा बरा आहे, उगाच काळजी करू नकोस. तुझा खोकला थांबला का? औषध टाळू नकोस.

रविवारी दुपारी सूनबाईने जेवणाच्या टेबलावर फासे मांडले आणि मलाही बसवलं. ती गोष्ट सांगते, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन पुढे काय करायचं ते ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून बघायचं. गोष्ट आपली आई सांगायची तीच, मी सूनबाईला सांगितलेली: मेलेल्या माणसाच्या आवाजात दाराबाहेरून हाक मारणारी बाई. दार उघडेल तो मेला.

लेकाचा मित्र, चांगला आडदांड दातांचा डॉक्टर, पाय खुर्चीवर घेऊन बसला. "मावशी, कडी काढायची नाही हं!"

"आधी पाय खाली घे," मी म्हटलं.

तेवढ्यात सूनबाई हळूच म्हणाली, "भिंगरे, दार उघड गं."

ताई, मला भिंगरी फक्त आई म्हणायची. मी म्हटलं, "उघडते." फासा कुणी टाकलाच नाही.

सूनबाई म्हणते, नाव सहज सुचलं. तूच तिला फोनवर कधीतरी सांगितलं असशील. सांगितलं असशील तर कळव. नसशील, तर त्याविषयी काही लिहू नकोस.

तब्येतीला जप.

तुझी धाकटी