बाणाच्या चित्राचं बटण

प्रिय ताई,

हे पत्र तुझा फोन तुला वाचून दाखवेल. एकटी असताना ऐक, आणि मध्येच चिडून बंद करू नकोस, हात जोडतो.

तुझी तक्रार माझ्या टेबलावर आहे. शिक्षक भरतीची ती वेबसाइट आमच्याच ऑफिसने बनवली, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. साहेबांना पाच वाजेपर्यंत उत्तर हवंय, साइटमध्ये काही दोष नाही म्हणून. तसं गेलं की मुदतीत न पोचलेला तुझा अर्ज कायमचा बाद, आणि पुढच्या वर्षी तू वयात बसत नाहीस. आत्ता तीन वाजलेत.

तुझं अक्षर न् अक्षर खरं आहे. सकाळी मी स्क्रीन बंद केला, माउस बाजूला ठेवला, हेडफोन लावले आणि तुझ्यासारखा, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं झालं. शेवटी अर्ज पाठवायचं बटण. तिथे आम्ही बाणाचं देखणं चित्र टाकलंय आणि त्याला नावच दिलेलं नाही. आवाज नुसता म्हणतो, बटण. शेजारी सगळं पुसून टाकणारी फुली, तीही नुसती बटण. मी नेमकी फुली दाबली. पाऊण तासाची मेहनत पाण्यात! तू हे तीनदा केलंस गं. मला एकदाच करून रडू फुटलं.

साइट सुरू करण्याआधी आमच्याकडे एक यादी भरतात. त्यात एक ओळ आहे, माउसशिवाय, आवाजावर पूर्ण अर्ज भरून पाहिला. तिच्यापुढे बरोबरची खूण आहे आणि खाली माझी सही. पाहिला होता कुणी, डोंबल! साहेब घाईला आलेले, मी चाळीस खुणा एका दमात मारल्या. त्या बटणाला नाव द्यायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

तुझ्या तक्रारीतली एक ओळ साहेबांनी लाल पेनने अधोरेखित केलीय. तू लिहिलंस, माझा भाऊ हेच काम करतो, तो म्हणाला सगळ्यांना जमतं, तुलाच कसं जमत नाही, तेव्हा चूक माझीही असेल. तुझं आडनाव सासरचं, म्हणून तो भाऊ कोण हे त्यांना कळलं नाही. आयता पुरावा मिळाला म्हणून खूश आहेत. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी कामात होतो, म्हणून खेकसलो.

एवढं लिहून उठलो आणि उत्तर पाठवून आलो. साहेबांना न दाखवता, थेट भरती कार्यालयाला, सहीच्या यादीसकट. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. अर्ज पुन्हा उघडतील का, तेही ठाऊक नाही. पण त्यात लिहिलंय, तो भाऊ मीच, न तपासता सही केली मी आणि दोष दिला बहिणीला. उद्या तुला त्यांचा फोन येईल. मला पाठीशी घालायला जाशील, ओळखतो मी तुला. म्हणून आजच लिहितोय. चूक माझीही असेल, हे वाक्य त्यांच्यापुढे बोलू नकोस, ताई.

तुझाच,
अतिशहाणा