सीलबंद रंधा आणि लंगडा पाळणा

६ जानेवारी

ॲनी पोटात होती त्या हिवाळ्यात नॉर्ब आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पाळणा घासत होतो. सँडपेपरचा एकच कागद उरला होता. नॉर्बने तो मधोमध फाडला, अर्धा मला दिला. रेडिओवर फुटबॉलची मॅच होती. आमचा संघ हरत होता आणि दर फजितीला नॉर्बचा हात जोरात चालायचा. त्यामुळे पाळण्याखालच्या दोन कमानींपैकी त्याच्या बाजूची कमान एका जागी सपाट झाली. पाळणा तेव्हापासून लंगडा. झोका दिला की दर खेपेला टक्.

आज हे आठवलं, कारण ॲनीचा फोन आला. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आता कुठे. मे महिन्यात बाळ. मी फोनवर अगदी शांत होते. नॉर्ब म्हणतो मी किंचाळले.

निश्चय: नातवंडासाठी नवा पाळणा मी स्वतः करणार. चेरीच्या लाकडाचा. त्यात कुठेही टक् असणार नाही. शाळेत सिस्टर युलालिया म्हणायच्या, अर्धवट काम माणसाला दिसत नसलं तरी देवाला दिसतं. लेकीला लंगड्या पाळण्यात वाढवलेल्या आईला देव सहसा दुसरी संधी देत नाही. मला दिली आहे.

११ जानेवारी

चर्चच्या तळघरात आमच्या सुतारकाम मंडळाची बैठक. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: सुतारकामाची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीने नवा रंधा जाहीर केला आहे. ब्राँझचा, मुठीत मावेल एवढा, प्रत्येकावर क्रमांक. महिनाअखेरपर्यंत जेवढ्या ऑर्डरी येतील तेवढेच नग करणार, मग साचा मोडून टाकणार. पुन्हा कधीच नाही.

घरी आल्याबरोबर ऑर्डर दिली. असा पाळणा साध्या हत्यारांनी होत नाही.

नॉर्बला किंमत सांगितली, निम्मी. तो म्हणाला, अगं बर्नी, एवढ्यात गाडीचे चार टायर येतात. मी म्हटलं, टायर झिजतात, ही गुंतवणूक आहे. निम्मी किंमत सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. उरलेलं सत्य मनात राखून ठेवायची मुभा असते, असं आम्हाला धर्माच्या तासाला शिकवलं होतं. बहुधा वेगळ्या संदर्भात.

१८ फेब्रुवारी

ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला दिवस. कपाळावर राख. चॉकलेट सोडलं.

चेरीच्या फळ्या आणून तळघरात ठेवल्या. फार सुंदर. रोज खाली जाऊन हात फिरवून येते. सुरुवात करता येत नाही, कारण रंधा आलेला नाही. नॉर्ब म्हणाला, माझा जुना खिळ्याला टांगलाय की, तो घे. मी म्हटलं, पहिला पाळणा त्याच रंध्याने बिघडला. तो म्हणाला, छे, तो सँडपेपरने बिघडला. सँडपेपरने आणि आपल्या संघाच्या बचावफळीने.

फळ्यांना घराची हवा लागू द्यावी लागते म्हणतात. म्हणजे थांबणं हेही कामच आहे.

१४ मार्च

रंधा आला. काळा खोका, त्यावर सोनेरी सील, सीलवर शाईने क्रमांक: २१६.

मी कात्री घेतली होती. नेमकी तेव्हाच व्हर्ला आली. व्हर्ला ब्रँड्ट, मंडळाची खजिनदार, माझी तीस वर्षांची मैत्रीण. हिच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात असे खोके ओळीने, एकही उघडलेला नाही. ती ओरडलीच. म्हणाली, बाई गं, सील तोडलंस तर हात तोडीन तुझा. सीलबंद राहिला तर वर्षभरात दुप्पट येतील. उघडलास तर तो नुसता रंधा.

मी म्हटलं, मला पाळणा करायचाय गं. ती म्हणाली, मग कर की, पण याने कशाला?

विचार केल्यावर तिचं पटलं. दुप्पट पैसे आले तर नॉर्बला सांगितलेली किंमत चौपट झाल्यासारखी होईल आणि माझ्या मनातलं राखून ठेवलेलं सत्य आपोआप फिटेल.

खोक्यावरचं चित्र पाहिलं. फार देखणा आहे.

१९ मार्च

संत जोसेफचा सण. सुतारांचा संत म्हणून या दिवशी मंडळातले सगळे आपापली हत्यारं वेदीपुढे मांडतात आणि फादर रूपर्ट त्यांवर तीर्थ शिंपडतात. नॉर्बने त्याचा जुना रंधा नेला. त्याच्या तोंडात मागच्या कामाचा छिलका तसाच अडकलेला. मला लाज वाटली. मी माझा काळा खोका नेला.

फादर खोक्यापाशी थांबले. हे काय, म्हणाले. मी म्हटलं, रंधा. त्यांनी विचारलं, याने कधी काही कापलंय का. मी म्हटलं, अजून नाही फादर. ते म्हणाले, म्हणजे याच्यासाठी बाप्तिस्म्याची प्रार्थना म्हणावी लागणार, आणि भरपूर तीर्थ शिंपडलं.

सोनेरी सीलवरची शाई ओघळली. २१६ चा आता २१ आणि एक डाग झाला आहे. खोक्याचा कोपरा फुगला. शेजारी व्हर्ला आपला खोका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभी होती. तिला माहीत होतं. मला पिशवीचं बोलली नाही.

तीर्थाबद्दल तक्रार कुणाकडे करायची?

२ एप्रिल

उपाय सापडला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही. दोन रंधे हवेत. एक ठेवायला, एक वापरायला. भिजलेला वापरायचा आणि ठेवायला एक कोरडा घ्यायचा. व्हर्ला आपला द्यायला तयार झाली. म्हणाली, दुसऱ्या कुणाला दिला नसता, तू आहेस म्हणून. भाव वाढलाय, पण मैत्रीत थोडा कमी लावते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. अशी माणसं आता राहिली नाहीत.

नॉर्बला सांगितलं नाही. आता तेवढी मुभाही शिल्लक नव्हती.

पाळण्याचं: ईस्टर झाला की सोमवारी सुरुवात.

१० एप्रिल

सकाळी कंपनीचं पत्र. चाहत्यांच्या प्रेमाखातर तोच रंधा पुन्हा काढत आहेत. या खेपेला स्टीलचा, म्हणून स्वस्त. हवे तेवढे मिळतील. साचा मोडलेला नाही. साचा बहुधा मोडतच नाहीत.

मी ते पत्र तीनदा वाचलं. आमच्या प्रेमाखातर म्हणे. मी कधी प्रेम व्यक्त केलं होतं? मी फक्त पैसे पाठवले होते.

संध्याकाळी शुक्रवारच्या तळलेल्या मासळीच्या जेवणाला व्हर्ला समोरच बसली होती. मी सांगितलं तर ती ब्रँडीच्या ग्लासातली चेरी चावत म्हणाली, हो का, अगं मला वाटलं तुला ठाऊक असेल. माझा भाचा त्यांच्याकडेच पॅकिंगला आहे ना, तो मार्चमध्येच म्हणत होता. मी म्हटलं, मार्चमध्ये? ती म्हणाली, अशी बघू नकोस, मासा गार होतोय.

मी मासा खाल्ला. पूर्ण खाल्ला. तीस वर्षं मी हिच्याबरोबर एका बाकावर गुडघे टेकले आहेत.

पत्रातली पूर्वीची किंमत नॉर्बने वाचली. बर्फ काढायचं फावडं घेऊन अंगणात गेला. अंगणात बर्फ नव्हता.

तरीही. पहिली आवृत्ती ती पहिली आवृत्ती.

२३ एप्रिल

ॲनीचा फोन. ट्रेंटने, म्हणजे जावयाने, दुकानातून पलंग आणला बाळाचा. सगळे स्क्रू मोजून आलेले. तू पाळण्याची दगदग करू नकोस आई, म्हणाली, बाबा म्हणत होते फळ्या अजून तशाच आहेत.

बाबा म्हणत होते. म्हणजे घरातूनही बातम्या जातात.

फक्त थोडा उशीर झाला होता. रंधा दोनदा आला, तीर्थ पडलं, फसवणूक झाली, यात कोणालाही उशीर होईल. हे मी तिला सांगितलं नाही. छान झालं म्हटलं.

मग ती म्हणाली, पण दिवसा खालच्या खोलीत ठेवायला आपला जुना पाळणा देशील का?

जुना पाळणा गॅरेजमध्ये आहे. त्यात नॉर्बचे बियाण्याचे बटाटे आहेत. हाताने करायचा म्हटला तो नवा कोणाला नको, आणि हवा तर तो लंगडा. पोटच्या पोरीलासुद्धा.

२६ एप्रिल

ठीक आहे. जुना तर जुना. पण माझ्या नातवंडाला लंगडा देणार नाही.

बटाटे पोत्यात काढले. पाळणा तळघरात नेला, उलटा केला. आणि भिजलेला खोका उघडला. सील आधी तुटेना, मग व्हर्लाची आठवण काढली आणि तुटलं.

हे मात्र खरं लिहायला हवं. काय रंधा आहे. हातात घेतला तर तळव्याला वाटलं, इतकी वर्षं कुठे होता. जोर लावावा लागत नाही. नॉर्बची सपाट झालेली जागा मी आजूबाजूच्या गोलाईत हळूहळू मिळवून टाकली, मग दुसरी कमान तिच्या जोडीची केली. एकेक पापुद्रा असा निघाला की दिव्यासमोर धरला तर पलीकडचं दिसावं, चर्चमध्ये मिस्साच्या वेळी देतात त्या पवित्र भाकरीच्या पातळ चकतीसारखा. ब्राँझवर माझ्या बोटांचे डाग पडले. पडू दिले. दुपारभर खाली होते, चहाही विसरले.

पाळणा सरळ केला, झोका दिला. डुलत राहिला, घड्याळाच्या लंबकासारखा. आवाज नाही. टक् नाही. अडतीस वर्षांनी.

नॉर्बला बोलावून दाखवला. त्याने बराच वेळ झोके दिले आणि म्हणाला, हं. पुरुषांना कौतुक करता येत नाही.

पै न् पै वसूल. दोन्ही रंध्यांची.

१० मे

मुलगी झाली मंगळवारी. नाव एडिथ. नाक नॉर्बचं, पण सुधारेल.

आज मातृदिन, म्हणून मुद्दाम आजच पाळणा नेला. वर रिबीन बांधली होती. ट्रेंट म्हणाला, वा, लोण्यासारखा चालतो. ॲनीने एडिथला आत ठेवलं, झोका दिला. मग हात थांबवला. पुन्हा दिला. वाकून कान लावला.

आई, म्हणाली, टक् कुठे गेलं?

मी अभिमानाने म्हटलं, काढून टाकलं.

ती म्हणाली, का?

आठ वर्षांची होईपर्यंत ती त्यात बाहुल्या निजवायची. ते मला आठवत होतं. त्याआधीचं तिने आज सांगितलं. डोळे मिटून पडलं की टक् ऐकू यायचं, म्हणजे कोणीतरी बसलंय. टक् थांबलं की आई गेली. तेवढंच तिला त्या वयातलं आठवतं, म्हणाली, दुसरं काहीच नाही. फार सुंदर झालाय गं, असंही म्हणाली, आणि रडायला लागली. ट्रेंट म्हणाला, बाळंतपणानंतर होतं असं.

येताना गाडीत मी व्हर्लाबद्दल बोलत होते. कंपनीबद्दल, साच्याबद्दल, फादरच्या तीर्थाबद्दल. घर येईपर्यंत. नॉर्बने रेडिओ लावला नाही.

इतका चांगला रंधा असायला नको होता. साधा असता तर थोडंसं राहिलं असतं.

१६ मे

नॉर्ब सकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेला. तिथे रंगाच्या डब्याबरोबर ढवळायला लाकडाची पट्टी फुकट देतात. नॉर्बने रंग घेतला नाही, नुसती पट्टी मागितली. ती घेऊन एकटाच ॲनीकडे गेला. खिशातल्या चाकूने बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला आणि गोंदाने कमानीखाली चिकटवला. त्याच्या बाजूच्या.

दुपारी ॲनीचा फोन. तिने फोन पाळण्याशी धरला.

टक्.

मग हळू आवाजात म्हणाली, झोपली.

१७ मे

माझ्यामागे कोणाला काय, हे लिहून ठेवते. आमच्याकडे माणूस गेला की मंडळातले लोक सामान विकायच्या दिवशी पहाटेपासून दारात उभे राहतात. व्हर्ला पहिली असेल.

तिला तिचाच सीलबंद रंधा परत द्यावा. पिशवीत घालून. उघडू नये असं बजावावं, म्हणजे ती उघडणार नाही.

नॉर्बचा जुना रंधा ॲनीला. त्याच्या तोंडातल्या छिलक्यासकट.

चेरीच्या फळ्या एडिथला. त्यांना आता घराची हवा पुरेशी लागली आहे. तिने सुरुवात करावी, कशानेही.

मी कमानीवरून काढलेले पापुद्रे बिस्किटाच्या डब्यात आहेत. ते कोणाला नको असतील. माझ्याबरोबर ठेवावेत.

पाळण्याखालची पट्टी कोणी काढू नये.

क्रमांक दोनशे सोळा नॉर्बला. त्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, तोवर कशाला थांबू, आजच दे, स्वयंपाकघराचं दार खाली घासतंय. दिला. आता खालून रंध्याचा आवाज येतोय.