साडूपेक्षा एक टॉर्च जास्त

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. निमित्त : शाळेचा फॉर्म.

'इमर्जन्सीमध्ये कोणाला फोन करावा?' असा एक रकाना होता. नावं तीन. पोरीने स्वतःच भरला. पहिला नंबर काका. दुसरा आई. तिसरा मावशी. काका म्हणजे माझा साडू. मी कुठेच नाही!

विचारलं. म्हणाली, बाबा, तुम्ही फोन उचलत नाही. आता स्टोअर तळघरात आहे, तिथे रेंज येत नाही, याला मी काय करू? पण जन्मदात्याला चौथं तरी धरायचं. म्हणाली, तीनच रेघा होत्या.

हे सगळं मागच्या थंडीपासून सुरू झालं. दोन दिवस लाइट नव्हती, पाण्याची मुख्य लाइन फुटली होती आणि आम्ही तिघं बोचकी घेऊन साडूच्या दारात. तेव्हापासून ही उठता-बसता 'भावजींकडे बघा' करते. भावजी चष्मे विकतात. मी पंपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअरकीपर आहे. अकरा हजार सुटे भाग सांभाळतो. स्लिपशिवाय एक वॉशर बाहेर जात नाही. आणि साठा कसा करावा हे मला चष्मेवाला शिकवणार?

ठराव : पुढच्या संकटात माझी बायको आणि माझी पोरगी माझ्याच घरात राहतील. साडूच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायची वेळ येणार नाही. बस.

५ ऑगस्ट
चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून साडूकडे जाऊन आलो. हेरगिरी. पण त्याने काही लपवलंच नाही. स्वतःच सगळं दाखवत सुटला. यात काहीतरी काळंबेरं आहे.

स्वयंपाकघराशेजारी एक फळी. पाण्याचे कॅन, रेडिओ, औषधं, दोरी, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. दारामागे खिळ्याला टॉर्च. प्रत्येक वस्तूवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. टॉर्चवर चिठ्ठी, 'टॉर्च'! अहो, दिसतोय ना टॉर्च! कुलूप नाही, रजिस्टर नाही. कोणीही यावं, काहीही उचलावं. आमच्याकडे असं स्टोअर ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

काडी फुकटात घट्ट करून दिली. चहा चांगला होता. कबूल करायला जिवावर येतं, पण होता.

टॉर्च : घरभर मिळून तीन. म्हणजे मला चार.

११ ऑगस्ट, रविवार
चार टॉर्च आणले. संध्याकाळी हिचं बहिणीशी फोनवर बोलणं चाललं होतं. कळलं की साडूनेही आज चौथा आणला. योगायोग? छे! परत बाजारात जाऊन पाचवा आणला.

ही म्हणाली, एक दारामागे लटकवा. मी समजावलं की उघड्यावरचा माल टिकत नाही. मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट ताब्यात घेतलं. त्यातल्या रजया माळ्यावर. ही म्हणाली, मग थंडीत रोज शिडी लावायची का? मोठ्या कामात असल्या बारीकसारीक गोष्टी आड येतातच.

कुलूप भारीतलं. किल्ल्या दोन. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून दोन्ही एकाच रिंगमध्ये, माझ्या खिशात.

१९ ऑगस्ट
काल साडू सहकुटुंब जेवायला. तो बघणार आणि नक्कल करणार हे उघड होतं. म्हणून परवा बसून सगळ्या मालाला कारखान्याच्या पद्धतीने नंबर दिले. टॉर्च ४७१-अ. काडेपेटी २०८-ड. ॲसिडिटीच्या गोळ्या ६१२-क. कुठेही नाव नाही. शत्रूने कपाट उघडलं तरी काही समजणार नाही. रजिस्टर कपाटातच, म्हणजे सुरक्षित.

साडूने बघितलं आणि म्हणाला, वा, फारच व्यवस्थित. टोमणा! मग हिला विचारलं, तुला हे नंबर पाठ आहेत का गं? मी म्हटलं, आहेत. ही म्हणाली, मुळीच नाहीत. कुठे गप्प बसावं हे काही लोकांना कळत नाही.

१ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०
सराव. कोणालाही न सांगता मेन स्विच बंद केला. हिचं वॉशिंग मशीन पाण्याने भरलेलं, तसंच थांबलं. त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

पोरीला सांगितलं, संकट आलंय, टॉर्च मिळव. तिने स्लिप भरली : 'टॉर्च, एक.' परत केली, नंबर नाही. नंबर विचारून पुन्हा भरली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अंधार आहे.' बाहेर लख्ख ऊन. खोटं कारण, स्लिप नामंजूर. तिसऱ्या स्लिपवर हिची सही हवी होती, ती मशीनमधलं पाणी उपसत होती.

एकूण वेळ ४७ मिनिटं. पोरगी म्हणाली, काकांकडे तीन मिनिटांत होतं. होणारच! शिस्त नसली की सगळं पटापट होतं.

८ सप्टेंबर
साडूचं शाळेत भाषण झालं. विषय : घराची तयारी. कोणी बोलावलं? आमच्या पोरीने नाव सुचवलं.

फोटो आलाय. साडू मध्ये, हातात टॉर्च. शेजारी आमची पोरगी दोरी धरून, बत्तीस दात दिसतील अशी हसतेय. माझ्यासोबतच्या प्रत्येक फोटोत तिचे डोळे मिटलेले असतात. फोटो चारदा पाहिला. पोटात आग आग झाली. ॲसिडिटी असणार. ६१२-क, एक गोळी. स्वतःच्या नावाने स्लिप फाडली, स्वतःच मंजूर केली. नियम म्हणजे नियम.

गोळीने फरक पडला नाही.

२२ सप्टेंबर
हँडल फिरवून चालणारा रेडिओ आणला. साडूचा सेलवर चालतो, म्हणजे सेल संपले की डबडं. अर्धा तास फिरवला. एक गाणं निम्मं लागलं, मग कोणीतरी मासळीचा भाव सांगत होता. उजवा खांदा धरलाय.

ही तेल चोळताना म्हणाली की भावजी शर्यतीत नाहीतच, तुम्ही एकटेच धावताय. वर विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय हो? मी म्हटलं, तुमची सुरक्षितता. तिने तेलाची बाटली बंद केली. मग म्हणाली, काही झालं तर तुम्ही घरी असा, तेवढं पुरे.

साध्या माणसांना साठ्याचं महत्त्व कळत नाही. तिचा दोष नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार
वादळाचा इशारा. उद्या दुपारनंतर. कारखान्याने सांगितलंय, ज्यांना जमेल त्यांनीच या.

मी जाणार. एक तर उद्या साठ्याची मोजणी आहे. दुसरं, घरची मला काडीची काळजी नाही. ही म्हणाली, उद्या नका जाऊ. पोरगीही म्हणाली. मी दोघींना कपाटासमोर उभं केलं आणि म्हटलं, हे आहे ना! चाळीस लिटर पाणी, पाच टॉर्च, महिनाभराचे तांदूळ-डाळी, बिस्किटं. आता मी असलो काय, नसलो काय.

साडू दुकान बंद ठेवणार आहे म्हणे. भित्रा!

१७ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी २.१५
वारा भयंकर. लाइट गेली. पुलाकडच्या रस्त्यावर पाणी चढतंय, कारखाना चढावर आहे म्हणून बरं. फोन करायला गेटपर्यंत वर आलो, तेवढ्यात हिचाच आला. घरात काळोख आहे, पोरगी घाबरलीय, टॉर्च कुठाय? मी शांतपणे सांगितलं, ४७१-अ. ती म्हणाली, अहो, कपाटाला कुलूप आहे.

खिसा चाचपला. दोन्ही किल्ल्या सुखरूप.

ती म्हणाली, हातोडीने तोडते. मी म्हटलं, वेडी आहेस का, भारीतलं कुलूप आहे, तासाभरात पोचतो. फोन कट. मग लागेना.

टीप : पुढच्या वेळी तिसरी किल्ली करून घ्यावी.

दुपारी ४.३०
तासाभरात निघणं जमलं नाही. मोजणी अर्धवट टाकून कसं निघणार?

आत्ता वॉचमन खाली आला. म्हणाला, साहेब, तुमचे साडू आलेत. ताईंना आणि मुलीला स्वतःच्या घरी सोडलं आणि आता तुम्हाला न्यायला आलेत. गाडी पुलाच्या पलीकडे ठेवून गुडघाभर पाण्यातून चालत.

म्हणजे झालंच. घेऊन गेला शेवटी! दोन महिन्यांची माझी मेहनत, आणि हा येतो काय आणि माझी माणसं उचलून नेतो काय! आता मीही त्याच्या मागे ओल्या मांजरासारखा चालत जायचं? आणि मग जन्मभर प्रत्येक जेवणात ऐकायचं की भावजी नसते तर काय झालं असतं? जीव गेला तरी नाही.

वॉचमनला म्हटलं, सांग, साहेब मघाशीच निघून गेले, चालत. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, सांग म्हणतो ना!

तळघराला वर एक झडप आहे, रस्त्याच्या पातळीला. स्टुलावर चढून पाहिलं. पिवळा रेनकोट. वॉचमनचं ऐकून थोडा वेळ उभा राहिला. मग पुलाकडे वळला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाकून वाकून बघत. एकदा वळून इकडेही पाहिलं. मी पटकन खाली उतरलो.

गेला एकदाचा. हायसं वाटलं. वाटायलाच हवं.

संध्याकाळी ६.४०
फोन बंद पडला. इथे स्टोअरमध्ये साठ टॉर्च आहेत, पण स्लिपवर सही करणारे साहेब आज आले नाहीत. त्यामुळे काडेपेटीच्या उजेडात लिहितोय. गॅस्केटच्या खोक्यांवर अंथरूण केलंय. वॉचमनने पोळीभाजी अर्धी दिली. डबा तिथेच ठेवून वर गेला.

एकंदरीत समाधान आहे. कोणाच्याही उपकाराशिवाय संकट पार पाडलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११
पाणी उतरलं. चालत घरी आलो. कपाट उघडलं. सगळं जागच्या जागी! एक वस्तू हललेली नाही. रजिस्टरशी ताळा केला, शंभर टक्के बरोबर. असं स्टोअर दाखवा कोणी.

घरात कोणी नाही. स्वयंपाकघरात फरशीवर मेणबत्तीचा एक तुकडा आणि पोरीची एक चप्पल. कुलपाला हातोडीची एकही खूण नाही. मी नको म्हटलं म्हणून तिने हात लावला नव्हता.

बसलो थोडा वेळ. आता दोघींना आणायला निघतो. टॉर्च बरोबर घ्यावा का?

संध्याकाळी ५
साडूच्या घरातून लिहितोय.

दार मेहुणीने उघडलं. मला बघून मटकन खालीच बसली. पोरगी धावत आली, माझ्या पोटावर दोन्ही मुठींनी मारत सुटली आणि मग तिथेच तोंड खुपसून रडली. हिचे डोळे सुजलेले. ही जागची हललीसुद्धा नाही.

साडू कॉटवर. पायाला प्लास्टर. मी चालत निघालो असं वॉचमनने सांगितल्यावर हा गृहस्थ पूर्ण काळोख होईपर्यंत पुलाच्या रस्त्याने मला शोधत फिरला. उघड्या गटारात पाय गेला. दोन माणसांनी उचलून आणला. आता येणारा-जाणारा त्या पायाचीच चौकशी करतोय. मी सोळा किलोमीटर चिखलातून चालत आलो, माझ्या पायांकडे कोणी बघितलं? लिहिलं खरं, पण लिहून बरं वाटलं नाही.

साडू म्हणाला, आलात ना, झालं तर मग. एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मग पोरीने विचारलं. बाबा, तुम्ही काल साडेचारच्या आधीच निघालात ना? मग होतात कुठे? आम्हाला वाटलं, तुम्ही वाहून गेलात.

मी म्हटलं, रस्ता चुकलो.

ही पहिल्यांदा बोलली. एकोणीस वर्षं जाताय त्या रस्त्याने, म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा काढून पुसू लागलो.

तेव्हा कॉटवरून साडू म्हणाला की पाणी भरलं की खुणा दिसत नाहीत, कोणीही चुकतं, मीसुद्धा दोनदा चुकलो. हे तो पोरीला सांगत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

पोरीला पटलं. तिने डोळे पुसले आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. हिला पटलं की नाही, कळायला मार्ग नाही. पण पुढे विचारलं नाही.

साधं खोटंसुद्धा मला एकट्याला निभावता आलं नाही. तिथेही त्यालाच धावून यावं लागलं.