बाहेर पडल्याची वेळ

सोमवार, ३
आजपासून मी नोकरदार! आमच्या सहा मजली इमारतीत कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, त्याच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये जमतात. त्यांतून क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, लिहून नेटका रिपोर्ट काढायचा, हे माझं काम. शिकवणाऱ्या हेडबाईंना सगळे पाठीमागे मास्तरीणबाई म्हणतात. चूक झाली की चष्म्यावरून बघतात, जीव मुठीत धरून बसावं लागतं. आईने डब्यात दोघींचं जेवण कोंबलं होतं.

मंगळवार, ४
आज अवघड क्वेरी जमली. आलेल्यांची आणि गेलेल्यांची यादी नुसती जोडली, तर दोन्हीकडे असलेलीच माणसं दिसतात. दुसऱ्या तऱ्हेने जोडली, तर आत आलेले सगळेच दिसतात. गेल्याची वेळ नसेल तिथे चौकोन रिकामा. चालवून पाहिली तर जुनी सात नावं निघाली. सगळी माझ्याच जागेवर शिकायला आलेली. आत आली, बाहेर पडलीच नाहीत. मास्तरीणबाई म्हणाल्या, पोरं टिकत नाहीत, न सांगता जातात. रिकामे चौकोन वाईट दिसतात, फिल्टर लावून गाळून टाक.

बुधवार, ५
एकच्या जरा आधी सगळे बाहेर जेवायला गेले. मी डबा खाता खाता फिल्टर लावला: बाहेर पडल्याची वेळ नसेल, ती ओळ दाखवू नको. रोज एकला रिपोर्ट आपोआप निघेल असंही करून ठेवलं. एकच्या ठोक्याला पहिला निघाला, देखणा झाला!
मंडळी परतली, पण कोणी माझ्याशी बोलेना. वाटलं, नवीन म्हणून चेष्टा करतायत. संध्याकाळी दाराशी कार्ड लावलं, लाल दिवा. रखवालदाराला हाका मारल्या. तो स्क्रीन बघून फोनवर म्हणाला, आत कोणी नाही. आणि कुलूप लावून गेला.

गुरुवार, ६
कळलं. काल एकला आत मी एकटीच होते. माझाही चौकोन रिकामाच होता. मीच मला गाळलं.
फिल्टर काढायला गेले, माझा पासवर्ड चालत नाही.
जिन्यात सात जण बसलेत. मला बघून सरकले, जागा केली. मी पळाले. खूप भीती वाटतेय.
आईचा फोन आला. मी ओरडत होते, ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणाली, थांब, मीच येते तुला बघायला. नको गं —

शुक्रवार, ७
पावणेएक. आई आलीय. तिच्या आत येण्याची नोंद झालीय, स्क्रीनवर दिसतेय.
मास्तरीणबाई तिला म्हणाल्या, न सांगता गेली हो पोरगी. आई म्हणाली, माझी मुलगी असं करायची नाही, मी इथेच बसते.
सगळे जेवायला निघाले. आई उठत नाही. मी ढकलतेय, तिला कळतच नाही —

एकला दोन मिनिटं. जा ना गं. दार उघडं आहे अजून, पळ, आई —

एक वाजला. आईने मान वळवली. थेट माझ्याकडे बघतेय. हसली. म्हणतेय, अगं, इथेच तर आहेस तू, आणि मी कुठे कुठे —